घरातलं बाथरूम सगळ्यांना वापरता येईल असं कसं बनवायचं? नागभीडच्या घरांसाठी सविस्तर माहिती

स्मार्ट होम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोबाईलवरून चालू होणारा बल्ब नाहीतर एसी येतो. पण घरात सगळ्यात जास्त अपघात होण्यासारखी जागा कोणती, असं विचारलं तर उत्तर सरळ आहे: न्हाणी आणि संडास. ओली फरशी, अरुंद जागा, आतून लावलेली कडी आणि आत एकटा माणूस. या लेखात आपण नागभीड आणि आजूबाजूच्या गावांतली घरं डोळ्यांसमोर ठेवून बघणार आहोत, की हीच जागा आजी-आजोबांना, काठीवर किंवा व्हीलचेअरवर असलेल्या माणसाला आणि पाय मोडलेल्या तुमच्या मित्रालाही कशी वापरता येईल. मोबाईल कुठे कामाला येतो आणि कुठे त्याच्यावर विसंबू नये, हेही सांगतो.

हे तुम्हालाच का सांगायचं? कारण घरात ऑनलाइन ऑर्डर तुम्ही करता, गीझरचा रिव्ह्यू तुम्ही वाचता, योजनेचा फॉर्मही तुम्हीच भरता. मिस्त्री घरी आला की माप तो घेतो, पण दार किती रुंद ठेवायचं हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. कोणी सांगितलं नाही तर तो नेहमीचंच दार बसवून मोकळा होतो.

आपल्याकडे ही गरज वेगळी का आहे

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या बऱ्याच घरांत संडास घरामागच्या वाडीत असतो. मूळ घर मातीचं, कवेलूचं, आणि संडास नंतर बांधलेला, तीन बाय चार फुटांच्या आसपास. रात्री उठून अंगण ओलांडून तिथे जायचं. पावसाळ्यात शेवाळ, विंचू, साप. त्यात हा सगळा भाग ब्रह्मपुरी वनविभागातला, वाघ-बिबट्याची बातमी आपल्याला नवीन नाही. धडधाकट माणूस टॉर्च घेऊन जाऊन येतो. गुडघे गेलेली आजी काय करते, माहिती आहे? संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात, जिथे पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो, तिथे पाणी न पिणं म्हणजे वेगळाच आजार ओढवून घेणं.

दुसरं कारण सिकलसेल. विदर्भाच्या पूर्व भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. काही रुग्णांमध्ये मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला, म्हणजे खुब्याच्या सांध्याला, रक्त कमी पडतं आणि तिथलं हाड झिजतं. हे म्हातारपणात नाही, विशी-तिशीतही होतं. अशा माणसाला उकिडवं बसणं म्हणजे शिक्षा. शिवाय अंगाला एकदम गारठा बसला तर सिकलसेलच्या वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून हिवाळ्यात कोमट पाण्याची सोय ही त्याच्यासाठी चैन नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे त्यात सिकलसेल आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

तिसरं, कुष्ठरोग. वरोऱ्याजवळचं बाबा आमट्यांचं आनंदवन आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे हा आजार बरा होतो हे इथे वेगळं सांगायला नको. पण बरा झाल्यावरही काहींच्या हातापायांची संवेदना परत येत नाही. मधुमेह जुना झाला की तळपायांचंही तसंच होतं. अशा माणसाला पाणी पोळतंय हे कळतच नाही. चामडी भाजल्यावर, फोड आल्यावर कळतं. म्हणजे एकाच न्हाणीत एकाला गरम पाणी हवं आणि दुसऱ्याला त्याच गरम पाण्यापासून वाचवायचं आहे. यावर उपाय पुढे येतो.

आधी माप: टेप, खडू आणि शेवटी मोबाईल

मोबाईलच्या कॅमेऱ्यातून भिंत मोजणारी ॲप तुम्ही बघितली असतील. ती कॅमेऱ्याचं चित्र आणि फोनच्या हालचालीचे सेन्सर जोडून अंतराचा अंदाज लावतात. महागड्या काही फोनमध्ये लेझरचे ठिपके टाकून अंतर मोजणारा लायडार सेन्सर असतो, तो जरा बरा. पण साध्या फोनवर मोजलेलं माप दोन-चार सेंटिमीटरने इकडेतिकडे जातं. खोलीचा अंदाज घ्यायला ठीक आहे. दाराच्या मापाला मात्र चालणार नाही, कारण तिथे दोन सेंटिमीटरवरच व्हीलचेअर अडते. दुकानातून साधी स्टीलची टेप घ्या.

मुख्य मापं अशी. दाराची मोकळी रुंदी, म्हणजे दार उघडल्यावर खरोखर जायला मिळणारी जागा, ९०० मिलिमीटर, साधारण तीन फूट. आपल्याकडे संडासाला अनेकदा दोन-सव्वादोन फुटांचं दार बसवतात. त्यातून चौकट आणि दाराची जाडी वजा केली की वॉकर तिरका करून न्यावा लागतो. तिरका वॉकर म्हणजे पडायची तयारीच. व्हीलचेअर तर आत जातच नाही, कारण ती स्वतःच दोन-सव्वादोन फूट रुंद असते आणि चाकं फिरवणाऱ्या हातांना आणखी जागा लागते.

आत व्हीलचेअर वळवायची असेल तर पाच फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. घरी एवढी जागा काढणं अवघड आहे, मान्य. मग निदान खुर्ची सरळ आत जाऊन कमोडच्या शेजारी उभी राहील आणि सरळ मागे येईल एवढी तरी ठेवा. पाच बाय सात फुटांत न्हाणी आणि संडास एकत्र केले तर हे जमतं. मला स्वतःला हाच पर्याय सगळ्यात पटतो: दोन कोंदट खोल्या बांधण्यापेक्षा मधली भिंत काढून एकच मोकळी खोली. घरात माणसं जास्त असतील तर सकाळची रांग लागेल हे खरं, पण जुना संडास तसाच ठेवून ही खोली घराला चिकटून नवी काढता येते.

दार बाहेर उघडणारं हवं. यावर वाद घालू नका. आत उघडणारं दार असेल आणि आत माणूस चक्कर येऊन पडला, तर तोच दाराला आडवा होतो आणि तुम्हाला दार ढकलताही येत नाही. कडीसुद्धा अशी घ्या की बाहेरून नाणं किंवा पेचकस लावून फिरवता येईल. अशा कड्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

आता कागदावर प्लॅन काढण्याआधी एक गोष्ट करा. अंगणात खडूने किंवा चुन्याने खरी मापं आखा: दार, कमोड, नळ, बसायचा स्टूल. ज्याच्यासाठी हे चाललंय त्या माणसाला त्या आखणीत चालायला सांगा. खुर्ची ठेवून बसायला-उठायला लावा. एका कोपऱ्यात फोन उभा करून व्हिडिओ घ्या. उठताना हात कुठे जातो? डावीकडे की उजवीकडे? आधार कुठे शोधतो? ती जागा व्हिडिओ थांबवून बघा आणि नेमकी तिथेच दांडी बसवा. थ्रीडी प्लॅनची कितीही ॲप वापरली तरी हे कळणार नाही.

फरशीचा उतार: इथे फोन खरंच कामाचा

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन तिरका केला की गुरुत्वाकर्षणाने तो तुकडा किंचित सरकतो, त्यामुळे विद्युतधारिता बदलते, आणि त्यावरून फोनला कळतं की आपण किती अंशात कलंडलो आहोत. स्क्रीन आडवी-उभी होते ती याच्याच जोरावर. आयफोनच्या मेजर ॲपमध्ये लेव्हल हा भाग असतो, अँड्रॉइडवर बबल लेव्हलची भरपूर फुकट ॲप आहेत.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. फोन पाठीवर ठेवला तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे माप चुकतं. म्हणून मिस्त्रीकडची ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी फरशीवर ठेवा आणि त्यावर फोन त्याच्या लांब कडेवर उभा करा, कव्हर काढून. मग फोनची दोन्ही टोकं उलटसुलट करून पुन्हा बघा. दोन्ही वेळा आकडा सारखाच आला तर सेन्सर बरोबर आहे, नाहीतर दोन्हींची सरासरी घ्या.

न्हाणीत पाणी वाहून जायला फुटामागे पाव इंच उतार पुरे, म्हणजे साधारण १.२ अंश. यापेक्षा कमी असेल तर पाणी साचतं आणि साबणाचा थर बसतो. फार जास्त असेल तर स्टूल डगमगतो आणि व्हीलचेअर आपोआप घरंगळते. कमोडच्या समोरची, म्हणजे माणूस उठून उभा राहतो ती जागा, जवळपास सपाटच ठेवा आणि उतार अंघोळीच्या बाजूला द्या.

रॅम्पचं गणित वेगळं. नियम १ ला १२: एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबी. हा कोन येतो ४.८ अंश. पावसाच्या पाण्यामुळे आपल्याकडे जोतं दीड फूट असतं, म्हणजे अठरा फूट रॅम्प लागेल. बऱ्याच ठिकाणी चार फुटांत सिमेंट ओतून रॅम्प केला म्हणतात. तो वीस अंशांचा चढ होतो, त्यावरून मोटारसायकल चढते, माणूस नाही. एवढी जागा नसेल तर सरळ सांगतो, रॅम्पचा नाद सोडा. चालू शकणाऱ्या माणसासाठी पाच इंच उंचीच्या रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा हा जास्त सुरक्षित मार्ग आहे. व्हीलचेअर असेल तर बाथरूमची फरशी घराच्या फरशीच्या पातळीलाच, घराच्या आतून दार काढून, करावी लागेल. उंबरठा अर्थातच नको.

फरशीसाठी गुळगुळीत चकचकीत टाइल्स घेऊ नका, कितीही सुंदर दिसल्या तरी. ऑनलाइन बघताना मॅट आणि अँटी-स्किड हे शब्द आणि आर-१० किंवा आर-११ असा दर्जा शोधा. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. लहान टाइल्स घेतल्या तर सांधे जास्त येतात आणि त्यांचीही पकड मिळते. स्वस्तात करायचं तर पॉलिश न केलेली शहाबादी फरशी चालते. बाहेरच्या वाटेवर सिमेंट ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या, पावसाळ्यात फरक कळेल.

आणखी एक मोबाईलची युक्ती. पांढरी फरशी, पांढरा कमोड, पांढरी भिंत: मोतीबिंदू असलेल्या माणसाला यात कमोड कुठे संपतो हेच दिसत नाही. बाथरूमचा फोटो काढा आणि एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. कमोड आणि फरशी एकाच राखाडी रंगाच्या दिसल्या तर फरशी गडद घ्या. दांडी आणि भिंत यांचंही असंच तपासा.

कमोड: घाईने पाश्चात्त्य पद्धतीचा बसवू नका

गुडघे दुखतात म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, कमोड बसवून टाक. थांबा. आपल्या गावांतल्या बहुतेक संडासांना सेप्टिक टँक नाही, दोन शोषखड्डे असतात. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैलाचं खत होतं. ही पद्धत चांगली आहे, पण ती कमी पाण्यावर चालते. गावातल्या संडासाचं भांडं मुद्दाम जास्त उताराचं असतं आणि त्याच्या कोंबड्यात पाण्याचा अडसर जेमतेम २० मिलिमीटरचा ठेवलेला असतो, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होतं. टाकीवाल्या कमोडला एका वेळी सहा लिटर किंवा जास्त लागतं. पाच माणसांचं घर धरून हिशेब करा. धानाच्या बांध्यांची चिकण जमीन, पावसाळ्यात वर आलेलं भूजल, त्यात एवढं पाणी खड्ड्यात. ते जिरत नाही, तुंबतं.

म्हणून सेप्टिक टँक नसेल तर माझी पसंती अशी: जुनं भांडं तसंच ठेवा आणि त्यावर मधोमध भोक असलेला, चार पायांचा स्टीलचा किंवा लोखंडी कमोड-स्टूल ठेवा. घरातले बाकीचे लोक तो बाजूला करून नेहमीसारखे बसतील. तयार मिळतो, किंवा मोजमाप देऊन गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. पायांना रबरी बूट हवेतच. मात्र उठताना माणूस स्टूलवर एका बाजूने जोर टाकतो, तेव्हा तो कलंडू नये म्हणून पाय खाली थोडे फाकलेले असू द्या.

बसायची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे अठरा इंचांच्या आसपास. व्हीलचेअरची बैठकही जवळपास याच उंचीची असते, त्यामुळे सरकून जाता येतं. दुकानातला साधा सिरॅमिक कमोड साधारण ४०० मिलिमीटरचाच असतो, हे ऑर्डर करताना तपासा. तो बसवणारच असाल तर खाली दोन इंचांचा ओटा करून घ्या.

अंघोळीचं पाणी मात्र त्या खड्ड्यात कधीच सोडू नका. त्याला वेगळा शोषखड्डा, नाहीतर सरळ केळीच्या आळ्याकडे पाट.

आधाराच्या दांड्या

दांडी साधारण दीड इंच व्यासाची, म्हणजे मुठीत नीट मावेल अशी. भिंत आणि दांडी यांत दीड ते दोन इंच फट. याहून कमी ठेवली तर बोटं जात नाहीत, जास्त ठेवली तर घसरताना पूर्ण हात आत जाऊन कोपर अडकतं आणि हाड मोडतं. कमोडच्या बाजूची आडवी दांडी बैठकीपेक्षा आठ-नऊ इंच वर, आणि तिच्या पुढच्या टोकाला एक उभी दांडी. आडवीवर जोर देऊन माणूस उठतो, उभीला धरून सावरतो.

टॉवेल अडकवायची दांडी हा आधार नाही. व्हॅक्यूमवर चिकटणाऱ्या दांड्या ऑनलाइन स्वस्त दिसतात. त्या गुळगुळीत काचेवर धरतात, मॅट टाइलवर किंवा सांध्यावर आज ना उद्या सुटतात. आणि सुटतात कधी? माणसाने पूर्ण भार टाकल्यावर.

विटांची भिंत असेल, आपल्याकडे राखेच्या विटांचीही असते, तर लांब अँकर बोल्ट किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी. बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला दांडीला लटकायला सांगा. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही, हे मिस्त्री बोलला नाही तरी लक्षात ठेवा. तिथे जीआय पाईपची चौकट करून तिचे पाय फरशीत काँक्रीटने पक्के करा. बांबूचा कठडा तात्पुरता चालेल, पण ओलीत तो बुडाशी सडतो आणि वरून ठणठणीत दिसत राहतो, तेच धोक्याचं.

अंघोळीला बसायला पाट किंवा चौरंग नको, तो फार खाली जातो. प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकवून फाटते. रबरी बुटांचा, अठरा इंची, जड स्टूल घ्या. नळ बसल्या जागेवरून हाताशी यावा. फिरवायच्या चावीचा नळ काढून दांडीचा नळ लावा, कोपरानेही चालू होतो. ज्यांची बोटं वाकडी झाली आहेत त्यांना त्याने केवढी सोय होते हे एकदा बघाच.

गरम पाणी आणि वीज

चुलीवर गंजात पाणी तापवून बादली अंगणातून न्हाणीपर्यंत नेणं, यात भाजण्याचा धोका सगळ्यात मोठा. बादलीत सोडायचा हीटर रॉड त्याहून वाईट. ओल्या हाताने कोणीतरी पाणी तापलं का बघायला बोट घालतंच.

१५ लिटरचा, २ किलोवॅटचा साठवणीचा गीझर २० अंशांचं पाणी ४५ अंशांपर्यंत साधारण तेरा-चौदा मिनिटांत नेतो. त्याला ९ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट. लगेच पाणी देणारा ३ किलोवॅटचा छोटा गीझर १३ अँपिअर ओढतो. व्होल्टेज कमी असलं की त्याचं पाणी कोमटच येतं, त्यामुळे गावात साठवणीचा बरा. त्याचा थर्मोस्टॅट कमीत कमी करून ठेवा, ४५ अंशांच्या जवळ. आधी सांगितलेल्या दोघांचाही प्रश्न इथे सुटतो: थंडी वाजणाऱ्याला कोमट पाणी मिळतं आणि संवेदना गेलेल्याला पोळत नाही. बादलीत आधी थंड, मग गरम हा क्रम घरात सगळ्यांना सांगा. मार्च ते जूनमध्ये तर छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणीच एवढं तापतं की गीझर बंद आणि भीती नळाची, हेही आपल्याकडचंच.

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावू नका. छोट्या बंद खोलीत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आधी सुस्तावतो आणि मग उठतच नाही. लावायचाच असेल तर बाहेरच्या उघड्या भिंतीवर, आत फक्त पाईप.

आणि आरसीसीबी. एमसीबी आपल्या वायरला वाचवते, माणसाला नाही. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सतत तोलत असते. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत जातोय असं समजून क्षणात वीज तोडते. घ्यायची ती ३० मिलिअँपिअरचीच. तिच्यावर टी असं लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघायचं. आणि तिच्यासोबत नीट अर्थिंगही हवंच.

दिवे, सेन्सर आणि बेल

अंधारात बटण शोधावं लागू नये म्हणून मोशन सेन्सरचा बल्ब छान. पण त्याचे दोन प्रकार समजून घ्या. पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता, म्हणजे इन्फ्रारेड किरणं, आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक हलताना टिपतो. मे महिन्यात तापलेली भिंत ३५-४० अंशांवर असते, शरीर ३७ वर. फरकच उरत नाही, त्यामुळे सेन्सर आळशी होतो. शिवाय माणूस कमोडवर शांत बसला की त्याच्यासाठी खोली रिकामीच, आणि दिवा बंद. रडार किंवा मायक्रोवेव्ह सेन्सर परत आलेल्या लहरींतला बदल मोजतो, त्याला उष्णतेशी देणंघेणं नाही आणि लहान हालचालही कळते. आत रडारवाला, बाहेरच्या वाटेवर सोलरचा पीआयआरवाला, असं वाटून घ्या. सोलर दिवा जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत पूर्ण चार्ज होत नाही, तेव्हा वाटेवर एक विजेचा दिवाही असू द्या. लाइट जाण्याचं काय? आत बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब एका होल्डरमध्ये लावून त्याचं बटण रात्रभर चालू ठेवा. वीज गेली की तो स्वतःच बॅटरीवर जळत राहतो.

मदतीला हाक मारण्यासाठी महागडं स्मार्ट उपकरण नको. साधी वायरलेस डोअरबेल घ्या. यातल्या बऱ्याच बेल ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर चालतात, त्यांना वायफायही लागत नाही आणि नेटही. पाकिटावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, जाड भिंती आणि टिनाच्या पत्र्यामुळे ते बरंच घटतं. म्हणून दार बंद करून, आजी झोपते त्या नाही तर तुम्ही झोपता त्या खोलीत बेल वाजते का बघा. बटणं दोन लावा. एक बसल्या हाताला, आणि दुसरं फरशीपासून अर्ध्या फुटावर. पडलेल्या माणसाचा हात वर पोहोचत नाही. दाबण्याच्या झटक्यावरच वीज तयार करणारी, बिनबॅटरीची बटणं मिळतात. ती मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण सेल संपलेला कोणाच्याही लक्षात येत नाही.

फोन सोबत असेल तर नव्या अँड्रॉइडमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबून एसओएस लागतो, फक्त सेटिंगमध्ये तो आधी चालू करून घरातला नंबर टाकावा लागतो. साध्या बटणांच्या फोनसाठीही २०१७ पासून ५ किंवा ९ चं बटण दाबून धरल्यावर तातडीचा कॉल लागण्याची सोय बंधनकारक केलेली आहे. तो कॉल ११२ ला जातो, म्हणून खेळ म्हणून करून बघू नका.

पैशांचं काय

गावात संडासच नसेल तर स्वच्छ भारत मिशनमधून पात्र कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन मिळतं. चौकशी ग्रामपंचायतीत करा. नागभीड शहरात नगर परिषद असल्याने तिथले नियम वेगळे. घरकुल मंजूर झालं असेल तर हीच वेळ आहे. २५ चौरस मीटरच्या घरात बाथरूमचं दार तीन फुटी काढायला आत्ता खर्च जवळजवळ शून्य, नंतर भिंत फोडायला मजुरी, चौकट, प्लॅस्टर सगळं आलं.

६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू झाली. त्यात एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात येतात, आणि ज्या वस्तूंसाठी ते आहेत त्यांत कमोड खुर्ची, वॉकर आणि ट्रायपॉड काठी आहे. पात्रतेचे तपशील अर्जाआधी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. दिव्यांग व्यक्तीचं यूडीआयडी कार्ड नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर मोबाईलवरूनच अर्ज करता येतो. तपासणीसाठी मात्र ठरलेल्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. सिकलसेलच्या रुग्णानेही हा अर्ज करावा.

खरेदीबद्दल एकच. दांड्या, बेल, सेन्सर बल्ब ऑनलाइन घ्या, हरकत नाही. कमोड आणि टाइल्स मात्र ब्रह्मपुरी, चंद्रपूर किंवा शंभरेक किलोमीटरवरच्या नागपुरातून डोळ्यांनी बघून घ्या. टाइलवर दुकानातच थोडं पाणी ओतून, चप्पल काढून उभं राहून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

सगळं एकदम जमणार नसेल तर या आठवड्यात तीन गोष्टी करा: आतली कडी बदला, कमोड किंवा भांड्याजवळ एक पक्की दांडी लावा आणि बेलचं खालचं बटण बसवा.